पगाराच्या आधी खाटा मोज

घणसोलीहून एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिने कळवलंय. पत्र थोडं कमी करून देते.

‘ताई, माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, यंदा झालं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हातात आली. बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत, धाकटा भाऊ बारावीला आहे. माझ्या शिक्षणाचं २ लाख ८० हजारांचं कर्ज आहे, आता ५,२०० रुपयांचा हप्ता सुरू होईल. तीन ठिकाणी माझी निवड झाली आहे. घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर १८ खाटांचं नर्सिंग होम आहे. तिथे १२ तासांची ड्युटी आणि १४,००० रोख. दुसरं बेलापूरच्या बाजूचं २५० खाटांचं मोठं हॉस्पिटल. तिथे आठ तासांची ड्युटी, पॅकेज २३,३५२. पण दोन वर्षांचा बाँड, मध्येच सोडलं तर १ लाख रुपये, आणि दहावीच्या मार्कशीटपासून नोंदणीपर्यंत सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करायची. तिसरं राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं, नागरी आरोग्य केंद्रात कंत्राटी स्टाफ नर्स, २०,०००. बाबा म्हणतात, रात्रीची ये-जा नको, जवळचं बघ. मामा म्हणतात, सरकारी ते सरकारी. बॅचमधली एक मैत्रीण जर्मनच्या क्लासला जाते. तिचा एजंट साडेतीन लाखांत सगळं करून देतो म्हणतोय. तीन वर्षं एवढं घासून १४ हजारच मिळणार असतील, तर माझं चुकलं का? बीएस्सी नर्सिंग करायला हवं होतं का?’

अगं, तुझं काहीही चुकलेलं नाही. तीन वर्षं वॉर्डात राबून, परीक्षा देऊन, नोंदणी मिळवून आलेल्या मुलीला स्वतःचं चुकलं असं वाटावं, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. चूक तुझ्या कामाची ही किंमत लावणाऱ्यांची आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. बेलापूरचं घे, पण एकही ओरिजिनल कागद जमा न करता. ते त्यावरच अडून बसले तर ती नोकरी सोडून दे आणि सध्या आरोग्य केंद्रात रुजू हो. नर्सिंग होमचा विचार मनातून काढ.

तुझ्या पत्रात पगाराचे तीन आकडे आहेत आणि खाटांचे दोन. तू पगारांवर अडकलीस. मी खाटांकडे बघते, कारण जीएनएम झालेल्या मुलीचं पुढचं बरंचसं त्यांच्यावर ठरतं. एम्सच्या भरतीसाठी नॉरसेट ही परीक्षा असते. बीएस्सी झालेल्यांना तिला थेट बसता येतं. जीएनएमला मात्र किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयसीची, नर्सिंग ऑफिसरची भरती २०२४ मध्ये यूपीएससीमार्फत झाली, तिथे जीएनएमला ५० खाटांच्या हॉस्पिटलातला एक वर्षाचा अनुभव मागितला होता. तुझ्या घरापासून हार्बरने जाता येईल अशा खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. टाटाच्या नर्स पदालाही ५० खाटांची अट असते, शिवाय जीएनएमला कर्करोग नर्सिंगचा डिप्लोमा लागतो. या तिन्ही ठिकाणी सातव्या वेतन आयोगाचा लेव्हल ७ आहे, म्हणजे मूळ पगारच ४४,९०० आणि वर महागाई भत्ता, घरभाडं. १८ खाटांच्या नर्सिंग होममध्ये तू दहा वर्षं काढलीस तरी या दारांत तुझा अनुभव शून्य धरला जाईल. नागरी आरोग्य केंद्राचंही तसंच. तिथे मुख्यतः ओपीडी, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी हे काम, ते अतिशय मोलाचं; पण ५० खाटा तिथे कुठून येणार?

नर्सिंग होमला मी नावं ठेवत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची बाळंतपणं तिथेच नीट होतात. पण तिथली सिस्टर सलाइन लावते, फोन घेते, बिलं करते, मेडिकलमधून औषधं आणते, गरज पडली तर ओटीत उभी राहते. आणि रुग्ण बिघडला की त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालून मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात. तुला जे शिकायचंय ते त्या ॲम्ब्युलन्सचं दार बंद झाल्यानंतर सुरू होतं. व्हेंटिलेटर कसा सांभाळायचा, एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट बघून डॉक्टरांना कधी उठवायचं, इन्फ्युजन पंपावर औषधाचं प्रमाण कसं लावायचं, क्रॅश झालेल्या रुग्णाभोवती चार जणांत आपली जागा कुठली, हे पुस्तकात वाचून हातात उतरत नाही. ते पहिल्या दोन वर्षांतच उतरलं पाहिजे. नंतर शिकायची लाज वाटायला लागते, आणि शिकवणाऱ्यांनाही तुझ्याकडून ते येत असल्याची अपेक्षा असते.

आता पगार. बाबांना शेजारी बसव आणि हा हिशोब दोघांनी मिळून कर. नर्सिंग होमचे १४,००० रोख हातात येतात, खरं आहे. महिन्याला २६ दिवस, रोज १२ तास, म्हणजे ३१२ तास. तासाला ४५ रुपयेसुद्धा पडत नाहीत.

बेलापूरचं २३,३५२ हे पॅकेज आहे, पगार नव्हे, हे नातेवाइकांना सांगण्याआधी समजून घे. बाबांना हे तुझ्यापेक्षा लवकर कळेल. माथाडी कायदा १९६९ चा. त्यात मजुरीच्या वर मालकाकडून लेव्ही घेतली जाते आणि तिच्यातून फंड, बोनस, ग्रॅच्युइटी यांची सोय होते. पॅकेज म्हणजे मजुरी आणि लेव्ही एकत्र करून सांगितलेला आकडा. समज, तुझा एकूण पगार २०,५०० आणि त्यात बेसिक १३,००० आहे. हॉस्पिटल पीएफपोटी बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,५६० भरतं, ईएसआयसीचे एकूण पगाराच्या ३.२५ टक्के म्हणजे ६६७ आणि ग्रॅच्युइटीचे ६२५ धरतं. बेरीज झाली २३,३५२. तुझ्या २०,५०० तून तुझ्या वाट्याचा पीएफ १,५६० आणि ईएसआयसीचे १५४ कापले जातील. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे तो जाणार नाही. हातात राहिले १८,७८६. आठ तास, २६ दिवस धरले तर तासाला ९० रुपये, नर्सिंग होमच्या दुप्पट. शिवाय तुझ्या नावावर दर महिन्याला दोन्ही बाजूंचे मिळून ३,१२० जमा होतील, त्यातला काही भाग पेन्शनच्या खात्यात जाईल. आजारी पडलीस तर ईएसआयसीकडून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळू शकतात. तुझं ऑफर लेटर मी पाहिलेलं नाही, बेसिक वेगळं असेल तर आकडे थोडे हलतील. पण हिशोबाची रीत हीच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. दोन वर्षांनी बाहेर पडायचं असेल तर पॅकेजमधले ते ६२५ तुझे नाहीतच.

हप्ता गेला की साडेतेरा हजार उरतात. भावाची फी, घरातला वाटा, तुझा पास. ओढाताण होईल, मी गोड बोलून ते लपवणार नाही.

आणि म्हणून तुला हे माहीत असलंच पाहिजे की सरकारने नेमलेल्या समितीने तुझी किंमत इतकी कमी ठरवलेली नाही. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ ला केंद्राला खासगी हॉस्पिटलांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. डॉ. जगदीश प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीनेही खाटाच मोजल्या. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या परिचारिकेएवढा. १०० च्या वर असतील तर सरकारी पगारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नको. ५० ते १०० खाटांत २५ टक्क्यांहून जास्त कमी नको. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २०,०००. रजा, कामाचे तास, राहण्याची आणि ये-जा करण्याची सोय हेही सरकारी धर्तीवर द्यावं असं समितीने म्हटलं. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं, मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. म्हणजे या शिफारशीप्रमाणे २५० खाटांच्या हॉस्पिटलने तुला किती द्यायला हवं ते तूच बघ. आणि १८ खाटांच्या नर्सिंग होमने २०१६ मध्येच २०,००० द्यायला हवे होते, तेही १२ तासांचे नाहीत.

शिफारस म्हणजे कायदा नव्हे, इथेच सगळं अडतं. केंद्राने ती राज्यांकडे पाठवली. केरळमधल्या परिचारिका रस्त्यावर उतरल्या, लढल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली, ५० खाटांपर्यंतच्या हॉस्पिटलातही २०,००० ची. आपल्याकडे सिस्टर भेटल्या की ड्युटीचं रडगाणं होतं, संघटनेची वर्गणी मागितली की पर्स बंद होते. तू नवी आहेस, पहिल्या दिवशी झेंडा घेऊन उभी राहा असं मी म्हणणार नाही. पण संघटनेची सभासद हो. पगार हा मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, दयेचा विषय नाही.

बाँडवर मला जास्त लिहायचंय, कारण दर वर्षी मुली इथेच फसतात.

बाँड दिसला की तो आपोआप बेकायदा, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची सेवा आणि मध्येच सोडल्यास २ लाख रुपये ही अट वैध धरली. ती सार्वजनिक बँकेतल्या अधिकाऱ्याची नोकरी होती, पुन्हा भरती करायची तर बँकेला सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागते, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. दुसऱ्या बाजूला कराराच्या कायद्याचं ७४ वं कलम आहे. करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. तुला नोकरीवर घेऊन नेहमीचं इंडक्शन दिलं, त्याचे १ लाख कसे झाले हे त्यांना दाखवावं लागेल. म्हणजे बाँड अगदीच कागदाचा वाघ नाही आणि फासही नाही. दोन वर्षं तुला तिथे काढायचीच आहेत, त्यामुळे बाँडच्या मुदतीला माझी हरकत नाही. रकमेबद्दल बोल. पहिल्या वर्षानंतर ती निम्मी व्हावी, आणि सरकारी नोकरी लागली तर एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता यावं, एवढं लिहून माग. मागितलं म्हणून सहसा ऑफर काढून घेत नाहीत. त्यांना सिस्टर हव्या आहेत. वॉर्ड रिकामे पडतात म्हणूनच तर बाँड लिहून घेतात.

ओरिजिनल कागदांचं मात्र वेगळं आहे. तिथे तडजोड करू नकोस. ती सर्टिफिकेटं तुझी आहेत. त्यांनी ओरिजिनल बघावीत, झेरॉक्सशी ताडून पाहावीत, तुझ्या सहीच्या प्रती ठेवाव्यात आणि ओरिजिनल तुझ्या हातात परत द्यावीत. नोकरीला एवढंच पुरतं. सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीची तारीख लागते तेव्हा हातात मोजके दिवस असतात, आणि मूळ प्रत समोर ठेवावी लागते. त्या वेळी तुझी मार्कशीट एचआरच्या कपाटात असेल तर? एका मुलीची पडताळणी अशीच हुकली. यादीत नाव होतं, गुण होते, आणि कागद द्यायला हॉस्पिटलने ‘सर सुट्टीवर आहेत’ म्हणून आठवडा घालवला. ती पोस्ट पुढच्या उमेदवाराला गेली. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. कुणी सही केलेला कोरा चेक मागितला तरी देऊ नकोस. चेक वटला नाही की फौजदारी खटल्याची भीती घालता येते.

एचआरशी तोंडी बोलण्यात अर्थ नाही, मेल कर. साधं लिही: ‘मला रुजू व्हायला आनंद आहे. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी घेऊन येईन आणि त्याच दिवशी परत नेईन. स्वाक्षरी केलेल्या प्रती जमा करते.’ विनंतीचा सूर नको, भांडणाचाही नको. जे आहे ते सांगायचं. दहावी-बारावीची मार्कशीट डिजिलॉकरवर आजच उतरवून ठेव, आणि जीएनएमच्या सगळ्या कागदांचे स्कॅन स्वतःच्या मेलवर पाठवून ठेव.

नियुक्तीपत्र हातात घेतल्याशिवाय गणवेश चढवू नकोस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यात नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. पत्रात पद काय लिहिलंय ते बघ. ‘ट्रेनी’ लिहून दोन वर्षं स्टाफ नर्सचं काम करून घेतात, आणि पुढे अनुभवाच्या पत्रावरही ‘ट्रेनी’च येतं. नोंदणी झालेली परिचारिका स्टाफ नर्स असते. सोडताना अनुभव प्रमाणपत्र घेशील त्यावर विभाग, तारखा आणि हॉस्पिटलच्या खाटांची संख्या लिहून घे. हे छोटं वाटतं. नॉरसेटच्या पडताळणीत नेमकं तेच विचारतात.

त्याच भेटीत आणखी काही विचारून घे. एका ड्युटीत एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या हॉस्पिटलात पाचामागे एक आणि शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तिघांमागे एक परिचारिका हवी, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला स्वतंत्र एक. उत्तर याच्या जवळ कुठेच नसेल तर निदान काय वाट्याला येणार हे तुला आधी कळेल. हेपेटायटिस बीची लस हॉस्पिटल देतं का? शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा असतात. कॉलेजमध्ये झाल्या असतील तर त्याची नोंद शोधून ठेव. सुई टोचली तर कुणाला कळवायचं आणि औषध कुठे मिळतं, हेही पहिल्याच आठवड्यात बघून ठेव. एचआयव्हीची शक्यता असेल तर औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितक्या लवकर तितकं बरं. नव्या मुली घाबरून सांगत नाहीत, इन्चार्ज ओरडेल म्हणून. ओरडू दे.

विभाग मागताना आयसीयू माग. ओपीडीत टाकत असतील तर सहा महिन्यांनी बदली मिळेल असं बोलून घे. पहिले तीन महिने तुला रडू येईल. हात थरथरतील, सीनियर चारचौघांत बोलतील, हँडओव्हर देताना अर्धं विसरशील. ते सगळ्यांचं होतं आणि जातं.

मामांचं म्हणणं आता. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची नोकरी सरकारी योजनेतली आहे, सरकारी नोकरी नाही. कंत्राट मुदतीचं असतं आणि नूतनीकरण होत राहतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर समायोजित करायचा निर्णय राज्याने मार्च २०२४ मध्ये घेतला, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून त्याच कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संप करावा लागला. दहा वर्षं वाट बघणं तुला जमेल का ते मामांना विचार. तरीही बेलापूरचं फिसकटलं तर मी हे नर्सिंग होमच्या वर ठेवते, कारण दिवसाची ड्युटी असते, २०,००० मिळतात आणि संध्याकाळी अभ्यासाला डोकं शिल्लक राहतं. तिथे राहून ५० खाटांच्या वरचं दुसरं हॉस्पिटल शोधत राहा. नेरुळ, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची हॉस्पिटलं आहेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि ठाण्याचं सिव्हिल यांच्या जाहिराती बघत राहा, वाशीच्या महापालिका रुग्णालयाच्याही.

खरी सरकारी नोकरी हवी असेल तर त्यासाठी थांबायची गरज नाही. राज्याच्या अधिपरिचारिका पदाला जीएनएम आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालते. रेल्वेच्या नर्सिंग सुपरिटेंडंट पदालाही जीएनएम चालतं, अनुभव मागत नाहीत, आणि तिथेही लेव्हल ७ आहे. या दोन्हींचा अभ्यास आजपासून सुरू होऊ शकतो. नर्सिंगचा अभ्यास तुझा ताजा आहे. गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञानाला रोज तासभर दे. महागडा क्लास आत्ता लावू नकोस. मागच्या प्रश्नपत्रिका सोडव, कुठे अडतेस ते बघ, मग ठरव. एकदा आत गेलीस की अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी पायरी आहे. बढत्या फार सावकाश होतात, पण पगार वेळेवर वाढतो आणि म्हातारपणाची काही सोय असते.

बीएस्सीचं म्हणशील तर ते हुकलेलं नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे. आधीचं कर्ज अंगावर असताना दुसरं घेऊ नकोस. दोन वर्षं काम कर, मग बघ. कदाचित तोवर तुला क्रिटिकल केअरचा एक वर्षाचा डिप्लोमा जास्त पटेल. खासगीत राहायचं ठरवलंस तरी वाट फक्त इन्चार्ज आणि मेट्रनची नसते. डायलिसिस, इन्फेक्शन कंट्रोल, अवयवदान समन्वय, नव्या सिस्टरना शिकवणं, या कामांना चांगली माणसं मिळत नाहीत अशी ओरड असते.

जर्मनीची वाट खरी आहे, एजंटचा आकडा खोटा आहे. तिथे परिचारिकांची टंचाई आहे, वृद्धांच्या काळजीच्या क्षेत्रात पात्र परिचारिकेचं किमान वेतन जुलै २०२५ मध्ये तासाला २०.५० युरो झालं. पण पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारण बी२ पातळीची, म्हणजे कामाच्या ठिकाणी नीट बोलता-लिहिता येईल एवढी, जर्मन लागते. ती पैसे देऊन मिळत नाही, नोकरी सांभाळून शिकायची तर दीड-दोन वर्षं जातात. आणि भारतात नोंदणी असलेल्या भरती एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. साडेतीन लाख कशाचे, हे त्याला लेखी विचार. त्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ईमायग्रेट संकेतस्थळावर आहे का ते बघ. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला आहे, जायचंच असेल तर चौकशी त्या बाजूने सुरू कर. भाषेची हौस असेल तर ए१ चा, म्हणजे पहिल्या पातळीचा, क्लास लाव, त्यात तोटा नाही. मैत्रिणीलाही परवान्याचं सांग. तिने किती पैसे भरलेत कुणास ठाऊक.

राहिली बाबांची काळजी. ती वेडी नाही. दिवसभर गोण्या उचलून आलेला माणूस मुलगी रात्री स्टेशनवर उभी आहे या विचाराने झोपणार कसा? घणसोलीहून नेरुळपर्यंत ट्रान्स-हार्बर, पुढे बेलापूर, दिवसा काहीच नाही. प्रश्न संध्याकाळच्या ड्युटीचा आहे, हँडओव्हर लांबला की निघायला रात्रीचे साडेनऊ-दहा होतात. नाईटला निदान जाणं-येणं उजेडाच्या कडेला असतं. हॉस्पिटलची बस किंवा गाडी आहे का, ती घणसोलीपर्यंत येते की फक्त स्टेशनपर्यंत, की रात्री उशीर झाला तर होस्टेलवर झोपायची सोय आहे, हे एचआरला त्याच मेलमध्ये विचार आणि उत्तर बाबांना वाचून दाखव. बाबांना एकदा त्या हॉस्पिटलच्या गेटपर्यंत घेऊन जा. जागा डोळ्यांनी बघितली की त्यांचा जीव थोडा तरी खाली पडेल. आणि घरात एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाक. नाईट करून आलीस की दुपारी दोनपर्यंत तुला कुणी उठवायचं नाही, पाहुणे आले तरी.

मेल आज रात्री कर. एचआरला उत्तरासाठी चार दिवस दे, आणि आरोग्य केंद्राची रुजू होण्याची शेवटची तारीख कोणती ते उद्या विचारून घे, म्हणजे एकाच्या नादात दुसरं हातचं जाणार नाही. नर्सिंग होमच्या डॉक्टरांना मात्र लगेच नाही म्हणून कळव. त्यांनी तुला धरून पुढच्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता लावला असेल.